तेलपट्ट्यातल्या विषारी हवेबद्दल लोकजागृती कशी करावी: पोर्ट हारकोर्टच्या काजळीवरून एक मार्गदर्शक

नायजर नदी असंख्य खाड्यांनी समुद्राला मिळते त्या टापूत, नायजेरियाच्या दक्षिणेला, पोर्ट हारकोर्ट हे शहर आहे. रिव्हर्स राज्याची राजधानी, एकेकाळी ‘गार्डन सिटी’ म्हणून मिरवलेली. २०१६ च्या अखेरीस इथल्या लोकांना सकाळी उठलं की फरशीवर, गाडीच्या काचेवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड दिसू लागली. अनवाणी घरात फिरलं की तळवे काळे, नाक शिंकरलं की रुमाल काळा. लोकांनी त्या तळव्यांचे आणि रुमालांचे फोटो काढले, ‘स्टॉप द सूट’ म्हणजे ‘काजळी थांबवा’ या घोषणेखाली ते सगळीकडे पसरवले आणि २०१८ मध्ये ते रस्त्यावर उतरले. या भागात १९५० च्या दशकापासून तेल निघतं आणि हवाही तेव्हापासून बिघडत आली आहे. पण शहरातल्या सामान्य माणसाच्या तोंडी हा विषय आला तो या काळ्या तळव्यांमुळे.

अशा कामाला हात घालू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः पोर्ट हारकोर्टची आहेत, कारण तेलामुळे हवा कितीतरी वाटांनी बिघडते आणि त्या सगळ्या वाटा तिथे एकत्र दिसतात. तेल कंपन्यांच्या नोकरीनिमित्त अशा प्रदेशात राहणारी मराठी कुटुंबं आहेत, तसेच मुंबईकडे तेल कारखान्यांशेजारी राहणारे माहुल, चेंबूर, उरणचे रहिवासीही आहेत. त्यांना यातलं बरंच काही जसंच्या तसं वापरता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तेलपट्ट्यातल्या माणसाला हवा वाईट आहे हे कोणी सांगावं लागत नाही. त्याला ती दिसते, तिचा वास येतो, पोराचा खोकला रात्रभर ऐकू येतो. अडतं पुढे: हे किती आहे, कुठून येतंय, कोणाच्या हातात ते थांबवणं आहे, आणि शेजारच्या घरातही हेच चाललंय का. घरोघरी विखुरलेली ही माहिती एका वहीत आणायची आणि ती वही योग्य माणसासमोर ठेवून उत्तर मागायचं, हेच इथलं जागृतीचं काम.

पायरी १: धूर कुठून येतो ते आधी स्वतः समजून घ्या

या पायरीवर घाई केली तर पुढचं सगळं फसतं, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

खनिज तेल वर येतं तेव्हा सोबत नैसर्गिक वायूही येतो. तो गोळा करून वापरायचा तर पाइपलाइन आणि प्रक्रिया केंद्रं लागतात, खर्च होतो. म्हणून तो उंच नळकांड्याच्या तोंडाशी जाळून टाकतात. याला गॅस फ्लेअरिंग म्हणतात. नायजेरियाने १९७९ मध्ये याविरुद्ध कायदा केला आणि १ जानेवारी १९८४ ही मुदत दिली. त्यानंतर मुदतींवर मुदती गेल्या आणि ज्वाळा अजूनही जळतात.

दुसरा उगम म्हणजे खाड्यांमधल्या चोरट्या भट्ट्या. तिथले लोक त्याला ‘क्पो-फायर’ म्हणतात. पाइपलाइन फोडून काढलेलं कच्चं तेल लोखंडी पिंपांत भरायचं, खाली उघड्यावर जाळ घालायचा, वाफ नळीतून पाण्यात थंड करून आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल काढायचं. जाळासाठीही कच्चं तेलच. उरलेला डांबरासारखा गाळ खाडीत ओततात किंवा पेटवून देतात. भट्टीवर काम करणारी मुलं बहुतेक त्याच गावांतली असतात.

तिसरा उगम ऐकून धक्का बसेल. सुरक्षा दलं धाड घालून या भट्ट्या आणि जप्त केलेलं तेल तिथेच पेटवून देत आली आहेत. गुन्हा थांबवण्यासाठी केलेल्या कारवाईचा धूर पुन्हा शहरावरच येतो. याखेरीज डांबराचे प्लांट, टायर जाळणं, जुने ट्रक, आणि वीज सतत जात असल्याने घरोघरी चालणारे जनरेटर आहेतच.

हे सगळे उगम तुमच्या पत्रकात आले पाहिजेत, घरचा जनरेटरसुद्धा. यावर माझा ठाम आग्रह आहे. एकाच उगमाचं नाव घेतलं की सगळा राग तिकडे वळवणं सोपं जातं, आणि तो बहुधा सगळ्यात गरीब माणसावर वळतो. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर न्येसोम वाइक यांनी चोरट्या भट्ट्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. ती गरजेची होतीच. पण फ्लेअरच्या ज्वाळांचा हिशेब त्यातून लागत नव्हता. त्याच वर्षी २२ एप्रिलच्या रात्री शेजारच्या इमो राज्यात अबाएझी इथल्या अशाच एका भट्टीवर स्फोट होऊन १०० हून अधिक माणसं जळून मेली. धुराचे गुन्हेगार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्या धुराचे पहिले बळीही तेच असतात.

आता हवेत नेमकं काय असतं ते. काजळीतले सर्वांत बारीक कण म्हणजे पीएम २.५. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध पक्का झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगभर सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. तेलाच्या धुरात बेंझीनही असतं. ते वायुरूप असतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. लोकांशी बोलताना हा फरक नीट समजावून सांगा: काजळी दिसते, बेंझीन दिसत नाही. पाऊस पडून फरशी स्वच्छ झाली म्हणून हवा स्वच्छ झाली असं होत नाही.

पायरी २: बशी, टिश्यू आणि वही

नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पश्चिम आफ्रिकेत सहारातून कोरडे वारे येतात. त्यांना हरमटान म्हणतात. आकाश धुरकट होतं, सगळीकडे धूळ बसते. काजळीही याच कोरड्या महिन्यांत जास्त जाणवते. त्यामुळे “ही तर हरमटानची धूळ, दरवर्षीचीच” हे उत्तर तयार असतं. ते खोडून काढायची सोपी पद्धत अशी:

पांढरी चिनी मातीची बशी स्वच्छ धुऊन, कोरडी करून रात्री आठला ओट्यावर किंवा गच्चीत ठेवा. जवळ चूल, जनरेटर, रस्ता नको. सकाळी सहाला उचला. कोरडा पांढरा टिश्यू तिच्यावरून एकदाच, एकाच दिशेने फिरवा. मग तो दोन बोटांत चोळा. हरमटानची धूळ तपकिरी, पिठूळ असते आणि झटकली की जाते. काजळी काळी असते, चोळली की तेलकट डाग पसरतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. टिश्यूशेजारी तारीख, वेळ आणि वस्ती लिहिलेला कागद ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. टिश्यू पाकिटात घालून ठेवा.

वहीत दर वेळी याच गोष्टी लिहा: तारीख, वेळ, वारा कुठून, पाऊस झाला का, वास कसला (रॉकेलचा, सडक्या अंड्याचा, जळक्या रबराचा), रात्री आकाशात तांबूस उजेड होता का, घरात किंवा शेजारी जनरेटर किती तास चालला. जनरेटरचा रकाना गाळू नका. विरोधक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

एकाच घरातून वीस फोटो येण्यापेक्षा वीस वस्त्यांतून एकेक नोंद आली तर ती कितीतरी मोलाची. खाडीकाठ, बाजार, फ्लेअरजवळचं गाव, आणि मुद्दाम एखादी लांबची, त्यातल्या त्यात स्वच्छ वस्तीसुद्धा घ्या. तुलनेला ती लागते. सगळ्यांनी त्याच रात्री बशी ठेवली पाहिजे. काहीच काजळी आली नाही अशा रात्रीही लिहून ठेवा, कारण फक्त वाईट दिवसांची वही कोर्टात किंवा संपादकासमोर टिकत नाही.

पायरी ३: आकडा मिळवा, पण त्याची मर्यादा सांगून

बशी डोळ्यांना पटते, अधिकाऱ्याला आकडा लागतो. लेझरवर चालणारे छोटे पीएम २.५ सेन्सर आता सामान्य गटाला परवडतात. एक अडचण लक्षात ठेवा: हवेत दमटपणा खूप असेल तर ते आकडा फुगवून दाखवतात, आणि नायजरचा त्रिभुज प्रदेश दमट आहे, आपली कोकणपट्टीही. म्हणून सेन्सर वाटण्याआधी ते सगळे आठवडाभर एकाच जागी शेजारीशेजारी ठेवा. सरकारी मोजणी केंद्र जवळ असेल तर त्याच्याजवळ. कोणता किती चुकतो ते कळतं. प्रसिद्ध करताना “छोट्या सेन्सरची नोंद” असं स्पष्ट लिहा.

तुलनेसाठी मर्यादा हाताशी ठेवा. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांच्या सरासरीला १५ अशी आहे. भारताची मर्यादा अनुक्रमे ४० आणि ६० आहे. पाच मिनिटांचा सर्वांत मोठा आकडा चोवीस तासांच्या मर्यादेशी कधीही लावू नका. ती चूक एकदा पकडली गेली की बाकीच्या खऱ्या नोंदीही संशयात जातात.

हे सेन्सर बेंझीन मोजत नाहीत. त्यासाठी दोन आठवडे टांगून ठेवायच्या शोषक नळ्या असतात, किंवा हवेचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेला पाठवता येतो. ही ‘बकेट’ पद्धत कॅलिफोर्नियात रिफायनरीशेजारच्या लोकांसाठी १९९० च्या दशकात तयार झाली. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीजवळच्या गावकऱ्यांनी २००४ पासून ती वापरली. नमुने घ्यायला गावातलीच माणसं शिकली, आणि “तुमच्याकडे पुरावा काय” या प्रश्नाला त्यांच्याकडे प्रयोगशाळेचा कागद होता. खर्च आहे, म्हणून एकदोनच नमुने, पण सर्वांत वाईट वासाच्या रात्री, वाऱ्याच्या खालच्या बाजूला घ्या.

फ्लेअरसाठी तर फुकट साधन आहे. नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर उपग्रहाने टिपलेल्या आगी आणि उष्ण जागा तारखेनुसार दिसतात. रोज त्याच जागी दिसणारा ठिपका बहुधा फ्लेअरचा. नायजेरियात तेलगळतीवर देखरेख करणाऱ्या ‘नोस्द्रा’ या सरकारी संस्थेचा फ्लेअर दाखवणारा नकाशाही आहे. तुमच्या वहीतली “रात्री आकाश तांबूस” ही नोंद आणि त्या तारखेचा उपग्रहाचा ठिपका शेजारीशेजारी छापा. ज्याने कधी आलेख वाचलेला नाही त्यालाही ते कळतं.

आकडा नेमक्या जागेला बांधलेला असावा. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने रिव्हर्स राज्यातल्याच ओगोनी प्रदेशाचा अहवाल दिला. त्यातलं सर्वांत जास्त उद्धृत झालेलं वाक्य एका गावाचं आहे: निसिसिओकेन ओगाले इथल्या लोकांच्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक होतं. गाव, विहीर, आकडा. “प्रचंड प्रदूषण” असं शंभरदा लिहून हे साधत नाही.

पायरी ४: आजारांबद्दल जपून

इथे भावना अनावर होतात आणि नेमकी इथेच चूक होते. “या काजळीने अमक्याला कॅन्सर झाला” असं एका माणसाबद्दल कोणीही सिद्ध करू शकत नाही. म्हणून तसं लिहू नका. लिहायचं ते असं: किती घरांत गेल्या महिन्यात धाप लागली, कोणाचा दम्याचा पंप वाढला, मुलांची शाळा किती दिवस बुडाली, दवाखान्यात श्वासाच्या तक्रारी कोणत्या महिन्यांत वाढतात. प्रश्नावली आठ-दहा प्रश्नांची, सगळ्यांना तीच. नावं प्रसिद्ध करायची नाहीत, मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत, संमती घेतल्याशिवाय काहीच नाही. स्थानिक डॉक्टर किंवा परिचारिका सुरुवातीपासून सोबत घ्या.

साध्या पाहणीचं बळ आपण माहुलमध्ये पाहिलं आहे. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने तिथल्या रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. रहिवाशांच्या तक्रारीवरून हरित लवादात चाललेल्या प्रकरणात ही पाहणी पुढे आली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली.

पायरी ५: कोणी, कधी, कोणत्या भाषेत सांगायचं

पोर्ट हारकोर्टच्या आसपास इक्वेरे, ओगोनी, ओक्रिका, कलाबारी अशा कितीतरी समाजांचे लोक राहतात आणि बाजारात सगळ्यांना जोडते ती पिजिन, म्हणजे इंग्रजीवरून घडलेली तिथली बोली. इंग्रजीतलं सुबक पत्रक सरकारी कचेरीत वाचलं जाईल. मासळीबाजारातल्या बायकांपर्यंत पिजिनमधला रेडिओ पोचतो. तेव्हा आधी रेडिओ, तेही श्रोत्यांचे फोन घेणारा कार्यक्रम, मग चर्च, शाळा, बाजार संघटना. केके चालकांना विसरू नका. केके म्हणजे आपलीच तीनचाकी रिक्षा, पुष्कळशा तर बजाजच्याच. दिवसभर उघड्या हवेत बसणारा हा माणूस सर्वांत आधी आजारी पडतो आणि दिवसाला कितीतरी जणांशी बोलतो.

वेळ चुकवू नका. ५ जूनला पर्यावरण दिन असतो आणि सगळ्या संस्था तेव्हाच कार्यक्रम घेतात. नायजरच्या त्रिभुज प्रदेशात तेव्हा धो धो पाऊस असतो, काजळी धुऊन गेलेली असते, लोकांच्या मनात पुराची चिंता असते. आपल्याकडेही तेव्हा मान्सून दारात असतो. हवेची मोहीम पावसाळा संपताना उभी करा, ऑक्टोबरमध्ये घरं ठरवा, नोव्हेंबरमध्ये बशा ठेवा, जानेवारीत लोकांसमोर या. बशी काळी असते तेव्हाच माणूस ऐकतो.

रेडिओवर किंवा सभेत मिनिटभरात काय बोलायचं त्याचा नमुना देते: “काल रात्री आपल्या शहरात वीस घरांनी पांढरी बशी बाहेर ठेवली. सोळा घरांची बशी सकाळी काळी होती. ती काजळी तुमच्या मुलाच्या छातीतही जाते. आज खिडक्या बंद ठेवा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि शनिवारी सकाळी आपली बशी घेऊन सभागृहात या. हवा मोजणारं सरकारी यंत्र काय सांगतं, ते रोज जाहीर करा अशी मागणी आपण सगळे मिळून करणार आहोत.” यातले आकडे तुमच्या वहीतले घाला. क्रम मात्र हाच ठेवा: दिसलेली गोष्ट, तिचा परिणाम, आज घरी करायचं काम, सर्वांनी मिळून करायचं काम. नुसती भीती घातली की लोक रेडिओ बंद करतात.

घरच्या काळजीबद्दल खरं तेच सांगा. कापडी मास्क या बारीक कणांना फारसा अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ अडवतो, पण बेंझीनला तोही नाही. पावसाचं पाणी साठवत असाल तर पहिल्या सरींचं सोडून द्या. जनरेटर खिडकीपासून दूर ठेवा. दम्याच्या रुग्णाने पंप जवळ ठेवावा. यातून त्रास कमी होईल, धूर थांबणार नाही, हेही त्याच दमात सांगा.

पायरी ६: मागणी नेमकी करा

“आम्हाला स्वच्छ हवा द्या” या मागणीवर आश्वासन मिळतं आणि विषय संपतो. एका कागदावर अशा चार मागण्या लिहा, ज्या पुऱ्या झाल्या की नाही हे कोणालाही तपासता येईल: मोजणी केंद्राचे आकडे रोज जाहीर करा, जप्त केलेलं तेल उघड्यावर जाळणं बंद करा, आमच्या गावाजवळचा अमुक फ्लेअर कोणत्या तारखेला बंद होणार ते लेखी द्या, सरकारी दवाखान्यांतल्या श्वसनाच्या रुग्णांचे महिनावार आकडे प्रसिद्ध करा. भट्टीवरच्या मुलांना दुसरं काम कुठलं देणार, हा प्रश्नही विचारा. त्याशिवाय बंद झालेली भट्टी पुढच्या खाडीत पुन्हा पेटते.

नायजेरियात २०११ चा माहिती स्वातंत्र्य कायदा आहे, अर्जाला सात दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. आपल्याकडे माहिती अधिकारात तीस दिवस, आणि जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्जात मत मांडू नका, कागद मागा: अमुक केंद्राच्या अमुक महिन्याच्या रोजच्या नोंदी. उत्तर आलं नाही तर तीही बातमी आहे.

कोर्टाचा रस्ता लांबचा आहे, तरी तो माहीत असू द्या. इवेरेकान गावाच्या वतीने जोना ग्बेम्रे यांनी केलेल्या दाव्यात नायजेरियाच्या फेडरल हायकोर्टाने नोव्हेंबर २००५ मध्ये गॅस फ्लेअरिंग हे जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन असल्याचा निकाल दिला. निकालानंतरही देशातलं फ्लेअरिंग थांबलं नाही, म्हणून कोर्टात गेलात तरी बाहेरचं काम सोडता येत नाही.

पायरी ७: माणसं सुरक्षित ठेवा

ही पायरी कागदावर सातवी, मनात पहिली असावी. केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी याच पोर्ट हारकोर्टमध्ये फाशी दिली. ओगोनी भूमीची तेलाने केलेली नासाडी त्यांनी जगासमोर आणली होती. आजचा काळ वेगळा आहे, पण तेलाभोवती बंदुका अजूनही आहेत. चोरट्या भट्टीजवळ फोटो काढायला कोणीही, विशेषतः तरुण स्वयंसेवकाने, जायचं नाही. लांबून दिसणारा धूर आणि उपग्रहाचा नकाशा पुरेसा आहे. फोटो पाठवण्याआधी मोबाइलमधली जागेची नोंद काढून टाका. नोंदवहीत घरांना क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी आणि एकाच विश्वासू माणसाकडे. प्रवक्ता एक असू नये, तिघं-चौघं आळीपाळीने बोलोत. कंपनीत किंवा सरकारी नोकरीत असलेल्याने पुढे येण्याचा आग्रह धरू नका. तो पडद्यामागून आकडे समजावून देऊ शकतो.

पायरी ८: घोषणा झाल्यावर

दबाव वाढला की काहीतरी घोषणा होते: समिती नेमली, एखादा प्लांट सील केला, भट्ट्यांवर धाड टाकली. लोक समाधानाने घरी जातात, आणि मोहीम बहुतेक वेळा इथे विरते. घोषणेची तारीख वहीत लाल शाईने लिहा आणि त्याच रात्रीपासून त्याच घरांत पुन्हा बशा ठेवा. महिन्याने आधीचे आणि नंतरचे टिश्यू शेजारीशेजारी मांडा. फरक पडला असेल तर तसं मोकळेपणाने जाहीर करा, ज्यांनी काम केलं त्यांचे आभार माना. पडला नसेल तर तोच तक्ता त्याच अधिकाऱ्याकडे, त्याच रेडिओ कार्यक्रमात घेऊन जा.

जागृती झाली का हेही मोजता येतं. मोहिमेआधी बाजारात पन्नास जणांना तीन प्रश्न विचारा: काजळी कुठून येते, तिने काय होतं, तक्रार कोणाकडे करायची. मोहीम संपल्यावर त्याच बाजारात पुन्हा विचारा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाढली नसतील तर पुढच्या वर्षी पत्रकं कमी छापा आणि तक्रारीचा पत्ता, नमुना अर्ज, लिहून देणारा माणूस यावर जोर द्या. वहीच्या दोन प्रती काढून दोन वेगळ्या घरी ठेवा, आणि पुढच्या ऑक्टोबरसाठी वही सांभाळणारी दोन माणसं याच हंगामात तयार करा.